मणिकर्णिकेतील ण : अक्षरवळणाचा एक प्रवास

काशीस गंगेतून नावेने जाताना घाटांची नावे भिंतींवर ठळक नागरी अक्षरांत रंगवलेली दिसतात. त्यांत मणिकर्णिका हे नाव आले की मराठी यात्रेकरूची नजर किंचित थबकते. चितांचा धूर, लाकडांच्या राशी, अर्ध्या बुडालेल्या देवळाचे कललेले शिखर ही कारणे उघड आहेत. तथापि आणखी एक बारीक कारण त्या नावातच दडलेले आहे. मणिकर्णिका या पाच अक्षरी शब्दात ण हा वर्ण दोनदा येतो, आणि ण हा मराठीचा अगदी घरातला वर्ण आहे. पाणी, लोणी, वाण, आणि, कोण. त्याच्यावाचून मराठी माणसाचे एक वाक्य पुरे होत नाही. उलट गंगेकाठच्या बोलींना तो जवळजवळ नको असतो. तिथे पाणी हे पानी होते आणि मणिकर्णिकेची नावाड्याच्या तोंडी मनिकरनिका होते. ण लिहावा लागतो तो संस्कृत शब्दांपुरता. म्हणजे या घाटाचे नाव तेथील लोक लिहितात एक आणि उच्चारतात दुसरे. मराठी माणूस मात्र ते जसे लिहिले आहे तसे, मूर्धन्य ठोक्यासह, वाचतो.

उच्चाराची ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. आकृतीची गोष्ट तेवढी ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तरेकडे छापलेले एखादे जुने हिंदी पुस्तक उघडून पाहावे. त्यातला ण आपल्या ओळखीचा नसतो. र काढून त्यापुढे काना जोडावा तशी त्याची घडण असते. नवख्या मराठी वाचकास तिथे रा दिसतो. अ देखील निराळा, डाव्या बाजूस अनोळखी वळसे घेणारा. झ तर भ ला शेपूट फुटल्यासारखा. या वळणास छपाईच्या धंद्यात कलकत्ता वळण म्हणत आणि आपल्या ओळखीच्या वळणास मुंबई वळण. आज काशीच्या भिंतीवरील मणिकर्णिकेत जे दोन ण रंगवलेले आहेत ते मुंबई वळणाचे आहेत. गिरगाव-काळबादेवीच्या छापखान्यांत घडलेली आकृती गंगेच्या काठी कशी पोहोचली, आणि पोहोचताना तिने काय मिळवले व काय गमावले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मणिकर्णिकेशी महाराष्ट्राचे नाते अर्थातच मुद्रणाहून जुने आहे. येथील पक्के दगडी बांधकाम १७३०च्या सुमारास थोरल्या बाजीरावांच्या आश्रयाने सुरू झाले आणि त्या कामाशी सदाशिव नाईक यांचे नाव जोडले जाते. पुढे अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस घाटाचा जीर्णोद्धार केला. विश्वनाथाचे आजचे देऊळ तर त्यांनीच, १७८०च्या सुमारास, उभे केलेले. शेजारचा शिंदे घाट एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंद्यांनी बांधवला. त्याच्या भारानेच तो खचला. त्याच्यापलीकडे नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. पेशव्यांचे आश्रित मोरोपंत तांबे काशीस राहत असताना त्यांना झालेल्या मुलीचे नाव त्यांनी मणिकर्णिका ठेवले. तीच पुढे झाशीची राणी झाली. त्याहीपूर्वी पैठणच्या भट्ट घराण्याने काशीच्या पंडितसभेत आपले आसन मांडले होते, आणि पैठणच्याच एकनाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका याच नगरीत पूर्ण केली. संस्कृताच्या राजधानीत प्राकृत मराठीचा ग्रंथ! त्यावरून पंडितांनी वादंग केले आणि अखेर त्या ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी परंपरा सांगते.

पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे सारे मराठी कर्तृत्व दगडात आहे, लिपीत नाही. घाट बांधणारे सरदार आपला रोजचा पत्रव्यवहार मोडीत करीत. ती मोडी दप्तरात राहिली, घाटावर आली नाही. देवाधर्माचे लिहिणे बाळबोधीत, म्हणजे नागरीत, करावयाचे हा संकेत होता. त्यामुळे घाट मराठ्यांचा आहे हे इतिहास वाचून कळते, पाहून कळत नाही.

याच घाटांची चित्रे १८२० ते १८३० या काळात एक इंग्रज टांकसाळ-अधिकारी काढीत होता. जेम्स प्रिन्सेप हा काशीच्या टांकसाळीत नेमला गेला होता; त्याने नगरीचा नकाशा तयार केला आणि आपली चित्रे शिळाछापाने पुस्तकरूपात प्रसिद्ध केली. पुढे कलकत्त्यास गेल्यावर १८३७ साली त्यानेच ब्राह्मी लिपी उलगडली. ज्या हाताने हे घाट रेखाटले त्याच हाताने नागरीची आजी वाचून दाखवली, हा योगायोग मला नेहमीच गंमतीचा वाटत आला आहे. नागरी ही ब्राह्मीचीच वंशज; तिचे वळण स्थळाकाळाप्रमाणे बदलत आले, हे सिद्ध करण्याचे साधन त्या वाचनाने हाती आले. कोणतेही एक वळण अनादि नाही. ते कोणीतरी, कोठेतरी, बोरूने किंवा छिन्नीने ठरवलेले असते.

मराठी मुलखात छापण्याची पहिली खटपट नाना फडणविसांच्या काळात पुण्यात झाली. तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून गीता छापण्याचा तो उद्योग नानांच्या मृत्यूनंतर मिरजेस गेला आणि पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली तेथे गीता छापून निघाली. त्याच वर्षी बंगालात श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीने मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याचा मराठी कोश १८१० सालचा; तो मोडी खिळ्यांत आहे. नागपूरचे वैजनाथ शास्त्री त्याचे साहाय्यक होते. म्हणजे मराठी भाषेला छापील रूप प्रथम मिळाले ते मराठी मुलखाबाहेर आणि बंगाली कारागिरांच्या हातून. पंचानन कर्मकार आणि त्याच्या शिष्यपरंपरेने पाडलेले नागरी ठसे पूर्वेकडील हस्तलिखितांचे वळण घेऊन आले होते. कलकत्ता वळणाचा उगम तेथे आहे.

मुंबईची वाट निराळी निघाली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याने मराठी खिळे सुबक करण्याचे काम केले. त्याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी या भंडारी गृहस्थाने १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले आणि पुढे स्वतःचे खिळे पाडले. छापलेली पोथी चरबीच्या शाईमुळे विटाळते असे सोवळ्या मंडळींचे म्हणणे होते. तेव्हा त्यांनी शाईत तूप घातले, असे सांगतात. या कथेकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये. छापील अक्षराने बोरूच्या अक्षराची जागा घ्यावयाची तर त्याला बोरूची पवित्रताही घ्यावी लागे आणि बोरूची ऐटही. पोथीवर पोसलेल्या डोळ्यांना ते अक्षर परके वाटता कामा नये, ही अट होती. मुंबई वळणाचे सौंदर्य या अटीतून आले आहे.

ती अट पूर्णतेस नेली जावजी दादाजी यांनी. १८३९ साली जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामास लागला. पुढे त्यांनी खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कारागीर लाभला. आरूंचे काम काय होते हे आज संगणकावर अक्षर उमटवणाऱ्या विद्यार्थ्यास समजावून सांगावे लागते. पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. ते इतके बारीक की काजळी धरून कागदावर पुन्हापुन्हा उमटवून पाहिल्याशिवाय चूक दिसत नाही. मग तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून मातृका तयार करावयाची आणि तीत शिशाचा रस ओतून खिळे पाडावयाचे. इंग्रजीत हे शंभरएक आकृत्यांत भागते. नागरीत जोडाक्षरे, रफार, उकार, वेलांट्या मिळून आकृत्यांची संख्या शेकड्यांनी वाढते. जुळारी वरच्या थरात मात्रा, मधल्या थरात अक्षर आणि खालच्या थरात उकार अशी तिहेरी जुळणी करीत बसे. एक अक्षर बिघडले तर सारी ओळ विजोड दिसते. कारण शिरोरेघ सर्वांना बांधून ठेवते. निर्णयसागरच्या ओळीत ती रेघ तुटत नाही, काने एका जाडीचे दिसतात आणि ण ची वाटी कान्यापासून नेमक्या अंतरावर थांबते. जावजींनी आपल्या वळणाविषयी काही लिहून ठेवले असते तर बरे झाले असते. परंतु ते पंच कोरणाऱ्या आणि खिळे ओतणाऱ्या लोकांपैकी होते, त्यांचा ग्रंथ म्हणजे त्यांची ओळ. १८९२ साली ते वारले.

निर्णयसागरची काव्यमाला १८८६ पासून निघू लागली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी शोधलेल्या या संस्कृत ग्रंथांना देशभर मागणी होती. काशीच्या पाठशाळाही तीत आल्या. तेथील पंडितांनी ज्या अक्षरांत माघ आणि जगन्नाथ वाचले ती अक्षरे मुंबईची होती. दुसरा प्रवाह खेमराज श्रीकृष्णदास यांच्या वेंकटेश्वर छापखान्याचा. राजस्थानातून मुंबईस आलेल्या या घराण्याने पुराणे, स्तोत्रे, व्रतकथा आणि हिंदी टीका ढीगांनी छापून उत्तरेस पाठवल्या. मुंबईचे खिळेही दूरवर विकले जात. मराठी सरदारांचे राज्य १८१८ साली संपले. मराठी अक्षराचा उत्तरेतील संचार त्यानंतर पन्नास वर्षांनी सुरू झाला, आणि त्यामागे सैन्य नव्हते, व्यापार होता.

काशीत तेव्हा लिपीचा प्रश्न पेटलेला होता. १८९३ साली तेथे नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. कचेऱ्यांत फारसी लिपीबरोबर नागरीसही जागा मिळावी यासाठी चाललेल्या चळवळीस १९०० सालच्या एप्रिलमध्ये यश आले आणि मॅक्डोनल यांच्या सरकारने नागरीत अर्ज घेण्यास मान्यता दिली. १९०५च्या डिसेंबरात गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन काशीस भरले, तेव्हा सभेने एक परिषद बोलावली. तिथे टिळक बोलले. एका राष्ट्रास एक भाषा हवी आणि त्याआधी एक लिपी हवी. रोमन लिपी आपल्या ध्वनींस अपुरी आहे. कर्झनसाहेबांनी प्रमाण वेळ देऊ केली आहे, पण आपली खरी गरज प्रमाण अक्षराची आहे, असा त्यांचा कोटिक्रम होता. टिळकांचे हे भाषण इंग्रजीत झाले, हेही नमूद केले पाहिजे. पुढील आयुष्यात ते नागरी खिळ्यांची संख्या कशी कमी करता येईल या खटपटीत गुंतले. वर्तमानपत्र चालवणाऱ्यास ती संख्या रोज रात्री जाचत असते.

या भाषणात एक पेच आहे, आणि तो टिळकांना जाणवला नसेल असे वाटत नाही. प्रमाण अक्षर म्हणजे कोणाचे अक्षर? नागरी सर्वांची म्हणावी तर तिचे अ, झ, ण मुंबईत एक आणि कलकत्त्यात दुसरे. शिवाय नागरीचा जयघोष होत असताना काशीच्या व्यापाऱ्यांची आणि कारकुनांची कैथी निमूटपणे मागे सरत होती आणि महाराष्ट्रात मोडीचेही तेच होणार होते. उर्दूच्या बाजूने नागरीकडे पाहणाऱ्यास तर ही सर्वसमावेशक लिपी मुळीच वाटली नसती. एका समाजाची ओळख ठळक करणारे अक्षर बाजूच्या समाजाची ओळख पुसट करू शकते. आपल्या लिपिसुधारणेच्या इतिहासात हा मुद्दा फार कमी वेळा मांडला गेला आहे.

काशीतील मराठी घराण्यांनी मात्र या पेचाला आपापल्या परीने उत्तर दिले. बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म १८८३ साली काशीतच झाला. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर हे वैद्यनाथ-देवघरचे. मराठी घरातले, पण 'देशेर कथा' हा त्यांचा गाजलेला ग्रंथ बंगालीत आहे. पराडकरांनी तो हिंदीत आणला. शिवप्रसाद गुप्त यांनी १९२० साली काशीत 'आज' हे दैनिक काढले आणि पराडकर त्याचे संपादक म्हणून नावारूपास आले. १९३० साली सरकारी वटहुकुमाने वृत्तपत्रांचा गळा आवळला तेव्हा 'आज' थांबले आणि 'रणभेरी' हे गुप्त पत्र सायक्लोस्टाइलवर निघू लागले. मेणकागदावर खरडलेली अक्षरे, गल्लीबोळांतून हातोहात जाणारी पाने, बदलत्या जागा. शिशाचा खिळा सरकारला जप्त करता येतो. हाताचे वळण जप्त करता येत नाही. मामा बंगालीत आणि भाचा हिंदीत, अशी ही मराठी माणसे मराठीशिवाय आपला देश लिहीत होती. त्यांना परप्रांतीय म्हणण्याचे धाडस तेव्हा कोणी केले नाही.

छपाईच्या जप्तीचा हा अनुभव मला पॅलेस्टाइनच्या चित्रकारांची आठवण करून देतो. आपल्याकडील चर्चेत ही तुलना सहसा येत नाही. पण अक्षर आणि आकृती यांच्या आधारे एखादा समाज आपले नाव कसे टिकवतो याचे त्याहून बोलके उदाहरण विसाव्या शतकात विरळाच. १९३६ साली फ्रान्झ क्राउझ या युरोपातून आलेल्या ज्यू आरेखकाने एक पर्यटन-भित्तिपत्रक केले. झाडाच्या फांदीखालून दिसणारे जेरुसलेम, सोनेरी घुमट आणि 'पॅलेस्टाइनला या' असे इंग्रजी आवाहन. ज्यू पर्यटक आणि वसाहतकार यांच्यासाठी केलेले हे चित्र १९९५ साली डेव्हिड टार्टाकोव्हर या इस्रायली आरेखकाने पुन्हा छापले, आणि पाहता पाहता ते पॅलेस्टिनी घराघरांत लागले. ज्या देशाचे नाव नकाशावरून उठले ते नाव त्या कागदावर स्वच्छ छापलेले होते, एवढेच त्याला कारण. चित्राचा मालक बदलला. रेघही बदलली नाही.

१९६७ नंतर व्यापलेल्या प्रदेशात पॅलेस्टिनी ध्वज दाखवण्यास बंदी आली. चित्रकार सुलेमान मन्सूर यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे : १९८० साली रामल्ला येथील प्रदर्शन बंद करताना लष्करी अधिकाऱ्याने लाल, हिरवा, काळा आणि पांढरा हे रंग एकत्र वापरू नका असे बजावले, कलिंगड काढले तरी चालणार नाही म्हणाला. पुढे कलिंगड हेच चिन्ह झाले. नाजी अल्-अली यांनी १९६९ साली हंदला हा दहा वर्षांचा अनवाणी मुलगा रेखाटला. स्वतः नाजी १९४८ साली गाव सुटले तेव्हा त्याच वयाचे होते. १९७३ नंतर तो मुलगा वाचकाकडे पाठ करून, हात मागे बांधून उभा राहिला. नाजींना १९८७ साली लंडनमध्ये गोळी घालण्यात आली. मुलगा मात्र आजही भिंतींवर उभा आहे. कमाल बुल्लाता या जेरुसलेमच्या चित्रकाराने कूफी लिपीचे चौकोन रचून रेशीमपडद्यावर छापले. खेड्यांतील बायकांनी उठावाच्या काळात आपल्या झग्यांवरील परंपरागत भरतकामात नकाशा आणि ध्वजाचे रंग विणले. शिवलेल्या कपड्याला जप्तीची नोटीस लावणे अवघड. भारतीय टपाल खात्याने १९८१च्या नोव्हेंबरात पॅलेस्टिनी जनतेशी सहभाव व्यक्त करणारे एक रुपयाचे तिकीट काढले होते. त्यावर दोन्ही ध्वज शेजारी शेजारी आहेत, आणि 'भारत' हा शब्द नेहमीप्रमाणे नागरीत.

या तुलनेत एक फरक मात्र मूलभूत आहे. अरबी लिपी मोरोक्कोपासून इराकपर्यंत सर्वांची. पॅलेस्टिनी माणसाला स्वतःचा असा निराळा अलिफ नाही. म्हणून त्याची ओळख किल्ली, ऑलिव्ह, संत्रे, टाका, कलिंगड अशा वस्तूंकडे वळली. अक्षराने त्या वस्तूंना सोबत केली. मराठीचे उलटे झाले. नागरी आपल्याकडेही अनेकांची; परंतु तिच्या पाचसहा अक्षरांत आपले म्हणता येईल असे वळण होते. आपल्यावर बंदी नव्हती, निर्वासन नव्हते. म्हणून आपण त्या वळणाला ओळख म्हटले नाही, सवय म्हटले. सवयीची किंमत ती मोडू लागल्यावर कळते.

ती वेळ स्वातंत्र्यानंतर आली. सावरकरांनी अ ची बाराखडी पुरस्कारली होती. काका कालेलकर यांनी हिंदी साहित्य संमेलनाच्या लिपिसमितीतून जवळजवळ तसेच सुचवले होते; समित्यांमध्ये मराठी माणसांचा भरणा मोठा. १९४७ साली उत्तर प्रदेशात आचार्य नरेन्द्रदेव यांची समिती नेमली गेली; हेच नरेन्द्रदेव पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. १९५३च्या नोव्हेंबरात लखनौस परिषद भरली. तिने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दांडीने काढावी असा एक विलक्षण निर्णय घेतला. उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांनी काही काळ तसे लिहिलेही, आणि मग तो निर्णय गुपचूप मागे घेण्यात आला. पण त्या मंथनातून जे टिकले ते महत्त्वाचे. ख चे दोन भाग खाली जोडण्यात आले, म्हणजे त्याचा रव वाचला जाऊ नये. ध आणि भ यांना गाठ मिळाली. आणि अ, झ, ण यांच्या बाबतीत मुंबई वळण प्रमाण ठरले. १९६६ साली केंद्र सरकारने परिवर्धित देवनागरी जाहीर केली. तीत मराठीसाठी ळ ला देखील स्थान होते. राणोजी आरूंच्या पिढीने पोलादावर कोरलेला ण असा सरकारी मोहोर घेऊन काशीस पोहोचला, आणि र ला काना दिल्यासारखा जुना ण ग्रंथालयांतल्या पिवळ्या पानांत राहिला.

हा विजय मराठीत फारसा कोणी साजरा केला नाही. कारण सोपे आहे : जे सर्वांचे झाले ते आपले आहे हे कळायला मार्ग उरत नाही. लखनौ-दिल्लीच्या मंथनात मराठीचे दोन वर्ण मात्र प्रमाण ठरले नाहीत, ल आणि श. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीचे या दोहोंचे वळण वेगळे. अक्षराविषयीची मराठी आस्था आज या दोन वर्णांपाशी जाऊन बसली आहे, ण पाशी नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी निर्णय काढला आणि २०२२ साली पुन्हा काढला. दोहोंत या वळणांचा आग्रह आहे. आग्रह पुन्हा धरावा लागला, यातच सारे आले. संगणकाच्या युनिकोड संकेतनात हिंदी ल आणि मराठी ल यांना एकच क्रमांक आहे. डोळ्यांना काय दिसावे हे टंक ठरवतो, आणि टंक बनवणाऱ्यापुढे हिंदीचा बाजार मोठा असतो. जावजींच्या काळी हा तोल उलट होता.

बापूराव नाईक यांचा देवनागरीच्या मुद्राक्षरांवरील इंग्रजी ग्रंथ १९७१ साली मुंबईच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. मराठीचा हा अभिमानास्पद इतिहास आपण इंग्रजीतून वाचतो, ही खंत इथे नोंदवून पुढे जातो. ल. श्री. वाकणकर यांनी 'गणेशविद्या'त लिपीच्या ध्वनिशास्त्राचा माग काढला. र. कृ. जोशी यांनी सर्व भारतीय भाषांसाठी देशनागरीची कल्पना मांडली. मुंबईच्या आय.आय.टी.त त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. विंडोज प्रणालीबरोबर घरोघर गेलेला 'मंगल' हा टंक त्यांचाच. टिळकांनी १९०५ साली काशीत जे मागितले त्याच्या सर्वांत जवळ पोहोचलेला माणूस हाच म्हणावा लागेल, आणि तोही मराठीच. रंगभूमीच्या जाहिरातींतून कमल शेडगे यांनी नाटकाचे नाव असे काढले की अक्षर वाचण्याआधी नाटकाची जात कळावी. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील चार बोटांच्या जागेत मराठी अक्षर इतके मोकळे क्वचितच झाले असेल. अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांतून सुलेखनाची नवी वाट काढली.

मोडी! तिचा उल्लेख उशिरा आला, कारण या कथेत ती कोठेच बसत नाही. बाजीरावांनी आणि अहिल्याबाईंनी घाटासंबंधी जे हुकूम पाठवले ते हात न उचलता लिहिलेल्या त्या धावत्या लिपीत. खरे म्हणजे तीच मराठीची स्वतःची. नागरी तर सामायिक. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून आणि कचेऱ्यांतून उठली. तिच्या बाजूने कोणी परिषद भरवली नाही. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. काशीच्या कैथीला ती २००९ सालीच मिळाली होती. ज्या दोन लिप्या प्रमाण अक्षराच्या आग्रहात मागे पडल्या त्या आता एकाच कोष्टकात, काही पानांच्या अंतरावर, आहेत. दोन्ही वाचणारे थोडे.

संध्याकाळी मणिकर्णिकेसमोरून नाव हळूहळू खाली सरकते तेव्हा नावाडी घाटांची नावे घेत जातो. सिंधिया घाट, असे तो म्हणतो. शिंदे हे नाव त्याच्या तोंडी बसत नाही. भोंसले घाट म्हणताना तो अनुस्वाराला नाकातून लांबवतो. आणि त्याआधी, धुराकडे बोट करून, मनिकरनिका. त्याच्या मागे भिंतीवर, रंग थोडा उडालेला, पण वाटी आणि काना यांतले अंतर नीट राखलेला ण दोनदा दिसतो.